व्हय म्हणणारं बटण

"बटण दाबल्यावर त्यानं व्हय म्हणलं पायजे."

हे वाक्य शिवलिंगप्पा कलशेट्टी मंद्रूपहून आलेल्या एका गिऱ्हाइकाला म्हणाले होते. त्या माणसाला नव्या घरासाठी स्वस्तातली, पांढरी, मऊ बटणं हवी होती. शिवलिंगप्पांनी त्यातलं एक दाबलं. ते आत गेलं; पण गेलं की नाही, हे डोळे मिटले तर सांगता आलं नसतं. त्यांनी ते गिऱ्हाइकाच्या कानाशी धरून पुन्हा दाबलं.

"काय म्हणलं?"

"काय न्हाय की."

"मग असलं मुकं घरात कशाला नेताय?" आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं. गिऱ्हाइकानं निमूटपणे महागाची बटणं घेतली.

नवी पेठेतल्या विजेच्या सामानाच्या एका दुकानात शिवलिंगप्पा निवृत्त होईपर्यंत एक्केचाळीस वर्षं काउंटरमागं उभे होते. मालकाच्या जागी मालकाचा मुलगा आला, मुलाच्या जागी नातू आला. शिवलिंगप्पा त्याच फरशीवर होते. ते बटणं कानानं विकत. एक बटण टक् म्हणायचं, ते चांगलं. एक टुक् म्हणायचं, त्याच्या आतली स्प्रिंग आजारी. एक चट् म्हणायचं, ते वर्षभरात ठिणगी टाकणार. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते प्रत्येक बटण दहा वेळा दाबायला लावत, आणि तेवढा वेळ स्वतः डोळे मिटून उभे राहत. सोलापुरातल्या कितीतरी घरांतून अंधार जाताना जो आवाज होतो, तो त्यांनी निवडलेला आहे. माणसं उजेडाकडे बघतात. उजेडाच्या आधी काहीतरी वाजलं, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

ते स्वतःही बटणासारखेच वागत. समोरचा बोलू लागला की त्याच्या दर वाक्याला त्यांचा हुंकार ठरलेला. "हूं." सुखाला हूं, दुःखाला हूं, डाळीच्या भावाला हूं. एकदा एका सत्काराच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत बसले आणि वक्त्याच्या प्रत्येक वाक्याला त्यांनी हुंकार दिला. वक्त्याला वाटलं, हा माणूस आपली चेष्टा करतोय. त्यानं भाषण निम्म्यावर आवरलं. सभागृह शिवलिंगप्पांचं आजही ऋणी आहे. फोनवर ध्वनिमुद्रित आवाज "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं सांगे, तेव्हाही ते "हूं" म्हणत. "कृपया प्रतीक्षा करा." "हूं." त्या बाईला आजवर एवढ्या आदरानं कुणी ऐकलं नसेल.

आणि जे उलट हुंकार देत नाही, त्यावर त्यांचा विश्वास नसे. एका मंगल कार्यालयात त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. ते ना पेटलं, ना वाजलं. पुन्हा दाबणं त्यांना अपमानाचं वाटलं. वीस मिनिटं ते बंद दारासमोर उभे राहिले, आणि मग चार जिने चढून जेवायला गेले. तोवर पंगत उठली होती.

त्यांच्या घराला खेटून यंत्रमागांचा कारखाना आहे. सकाळी आठला माग सुरू झाले की भिंती खडखडतात आणि संध्याकाळपर्यंत खडखडत राहतात. शिवलिंगप्पा पुढच्या पडवीत. त्यांची बायको सिद्धेश्वरी मागं स्वयंपाकघरात. मध्ये लांबलचक बोळ. शिवलिंगप्पांचा आवाज दुकानदारी आहे, तो मागांना चिरून आत जातो. सिद्धेश्वरीबाईंचा जात नाही. म्हणून लग्नाच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी पातेल्याच्या काठावर पळी आपटली. तेव्हापासून त्या घराची रीत पडली: एकदा ठक् म्हणजे ऐकलं. ठक्-ठक् म्हणजे झालं, पान वाढलंय, उठा.

चाळीस वर्षांत झालेलं नसताना ठक्-ठक् कधी वाजलं नाही. आणि ठक्-ठक् वाजल्यावर शिवलिंगप्पा कधी बसून राहिले नाहीत. समोर कोण बसलंय, त्याचं वाक्य पुरं झालंय की नाही, हे त्यानंतर त्यांना दिसत नसे. ते उठून जात. एकदा विमा विकायला आलेला माणूस पडवीत एकटाच अर्धा तास बोलत होता म्हणतात.

काव्या ही त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. ती त्यांना दोड्डप्पा म्हणते. कानडीत थोरल्या काकाला तसंच म्हणतात. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती सोलापुरातूनच, वरच्या खोलीत बसून, मोबाइलच्या पडद्यावरची चित्रं-बटणं आखायचं काम करते. गेलं वर्षभर ती एका ॲपमागं होती: शेतकऱ्यानं घरी बसून मोबाइलवरचं बटण दाबायचं आणि लांबच्या विहिरीवरचा पंप सुरू व्हायचा. सांगोल्याकडच्या बारा शेतकऱ्यांना ते वापरायला दिलं होतं. आणि बाराही जणांची एकच तक्रार होती: पंप चालू होतो आणि आपला आपण बंद पडतो.

पुण्याच्या इंजिनिअरांनी मोटर तपासली, विहिरीवरची पेटी तपासली, तिच्यातलं सिमकार्ड तपासलं. सगळं निर्दोष निघालं. काव्याचे साहेब, प्रदीप, फोनवर म्हणाले, "दोष युजरमध्ये आहे. त्यांना ट्रेन करा." पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी ते स्वतः येणार होते. त्या दिवशी शेतकऱ्यांनी हे ठेवतो म्हटलं तर काम पुढं. नाही म्हटलं तर काम बंद, आणि काव्या पुण्याला, विम्याच्या हप्त्याची आठवण करून देणाऱ्या ॲपवर. हातात दहा दिवस होते.

"दोड्डप्पा, तुम्ही चला की माझ्याबरोबर," काव्या म्हणाली. "सांगोल्याचं निम्मं गाव तुमचं गिऱ्हाईक होतं म्हणता ना?"

"हूं," म्हणत शिवलिंगप्पांनी चपला घातल्या.

जालिंदरची डाळिंबाची बाग होती आणि बागेला ठिबक. घरापासून विहीर अर्धा किलोमीटर. घराच्या ओसरीवर बाजेवर बसून त्यानं मोबाइल काढला. पडद्यावर एक निळं वर्तुळ होतं. दाबलं की ते किंचित गडद निळं होई. या दोन निळ्या रंगांच्या निवडीत काव्याचे तीन आठवडे गेले होते. सांगोल्याच्या उन्हात ते दोन्ही एकच होते.

जालिंदरनं वर्तुळ दाबलं. वाट पाहिली. पुन्हा दाबलं. मोबाइल झटकला. दाबलं. विहिरीच्या दिशेनं बघितलं, जणू तिथून कुणी हात करणार होतं. मग लागोपाठ दाबत सुटला.

"किती वेळा दाबलं?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"एकदाच की."

"सहांदा," त्याची बायको मीनाबाई दारातून म्हणाली.

"तू मोजत बसलीस व्हय?"

"मग? तुमाला एकदा केल्यालं कवा पटलंय? कडी लावली का बगायला चारदा उठताय."

काव्यानं समजावलं: दाबलेलं विहिरीपर्यंत पोचायला, मोटर उठायला आणि तिनं तसं कळवायला पंधरा सेकंद लागतात. पहिल्या दाबानं पंप चालू होतो. दुसऱ्यानं बंद. तिसऱ्यानं चालू.

"म्हणजे सहा म्हणजे बंद," शिवलिंगप्पा म्हणाले. "ते आपलं आपण बंद पडत न्हाय जालिंदर. तुमी बंद करताय."

जालिंदरनं मोबाइल उलटासुलटा करून बघितला. "आप्पा, जुन्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबून धरलं की मोटर हूं करून उठायची. थरथर बोटाला लागायची. मग सोडायचं. ह्याला कुटं काय लागतंय? दाबतोय का काचंवरनं हात फिरवतोय, तेच समजंना."

"खरं हाय," शिवलिंगप्पा म्हणाले. काव्याकडे वळून त्यांनी एवढंच म्हटलं, "मुकं हाय तुझं."

परतीच्या वाटेवर काव्या विचार करत होती. मागं जालिंदरही करत होता. सहा म्हणजे बंद, तर पाच म्हणजे चालू. हे त्यानं हेरलं. दुसऱ्या दिवसापासून तो बरोबर पाच वेळा दाबू लागला. पाणी आलं. त्यानं बाकीच्या अकरा जणांना व्हॉट्सॲपवर एका शब्दात कळवलं: पाच. दोन दिवसांत सगळीकडे पाच दाबायची पद्धत पडली. एक जण शुभ म्हणून अकरा दाबायचा. त्याचंही पाणी आलं. एक जण दाबता दाबता फोनवर बोलायचा आणि मोजणी चुकायची, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. ज्या यंत्राला फक्त एक स्पर्श पुरला असता, त्याची आता पूजा बांधली गेली होती.

काव्यानं पुण्याला कळवलं, बटणानं उत्तर द्यायला हवं. प्रदीपना हे इतकं आवडलं की त्यांनी ते स्वतःच्या हातात घेतलं. "डिलाइट!" ते फोनवर म्हणाले. "युजरला आनंद झाला पाहिजे!" दोन दिवसांत नवं ॲप आलं. त्यात बटण दाबलं की बासरी वाजे, पाण्याचे थेंब हात धरून नाचत, वरून डाळिंबाची फुलं पडत आणि मोबाइल अंगात आल्यासारखा थरथरे.

जालिंदरनं मोबाइल बाजेवर ठेवून पाच वेळा दाबलं. बासरी पाचदा सुरू झाली, एकीवर एक. मोबाइल थरथरत बाजेच्या कडेपर्यंत सरकला आणि शेळ्यांच्या पाण्याच्या घमेल्यात पडला. पाण्याखालून बासरी ऐकू येत राहिली. शेळ्या मागं सरकून कान टवकारून उभ्या राहिल्या.

"लगीन कुणाचं हाय?" मीनाबाईनं आतून विचारलं.

जालिंदरनं मोबाइल पुसला. अजून फुलं पडत होती. तो समाधानानं आडवा झाला. दोन तासांनी बागेत गेला तर माती कोरडी ठाक. त्या वेळी वीजच नव्हती. बटण दाबलं एवढ्याचाच आनंद ॲपनं साजरा केला होता.

त्यानं काव्याला फोन केला. "ताई, आदी गप ऱ्हायचं ते परवडलं. आता लबाड बोलाय लागलंय."

बारांतल्या सात जणांनी ॲप काढून टाकलं. शुक्रवारला चार दिवस उरले होते.

काव्या खाली पडवीत आली. चेहरा असा, की शिवलिंगप्पांनी आधीच हुंकार दिला. तिनं ठरवलं होतं, बासरी काढायची आणि खऱ्या बटणाचा आवाज घालायचा. शिवलिंगप्पांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. तीत एक्केचाळीस वर्षांतली त्रेसष्ट बटणं होती. प्रत्येक फडक्यात गुंडाळलेलं.

त्यांनी एकेक दाबायला घेतलं आणि काव्यानं मोबाइल पुढं धरला. माग खडखडत होते. एकची सुट्टी झाली, माग थांबले, तर कुठल्यातरी घरातल्या कुकरनं शिट्टी दिली. मग कबुतरं. मग रस्त्यावरून भंगारवाला. शांतता मिळाली तेव्हा शिवलिंगप्पांनाच एकही आवाज पसंत पडेना. हा उर्मट. हा सर्दी झाल्यासारखा. हा चांगला हाय, पण पंपाला शोभायचा न्हाय; हा देवघरातल्या दिव्याचा आवाज.

"दोड्डप्पा, चार दिवसांत हे सगळं बंद पडणार आहे," काव्या म्हणाली.

शिवलिंगप्पांनी हातातलं बटण खाली ठेवलं. मग आतल्या दिशेनं ओरडले, "पोरगी हितंच जेवंल!"

आतून आवाज आला: ठक्.

ते पुन्हा बटणं पुसू लागले. काव्या मोबाइल हातात धरून बसून राहिली. तो ध्वनी टिपतच होता. बंद करायचं तिला भान नव्हतं. काही वेळानं आतून आलं: ठक्-ठक्. शिवलिंगप्पा हातातलं बटण तसंच टाकून उठले.

"कुठं निघालात?"

"झालं की."

"काय झालं?"

"जेवण. मगाशी ऐकलं म्हणाली. आता झालं म्हणाली."

काव्या जागेवर ताठ झाली. "म्हणजे ऐकल्याचं वेगळं आणि झाल्याचं वेगळं?"

"एकच कसं आसंल? ऐकल्या-ऐकल्या झालं म्हणाय लागली तर मी रिकाम्या पाटावर बसायचं का?"

"आणि मधल्या वेळात? काम चाललंय हे तुम्हाला कसं कळतं?"

"फोडणीचा वास येतो की."

वास मोबाइलमध्ये घालता येत नाही. पण वर्तुळाच्या कडेनं एक रेघ फिरत ठेवता येते. काव्यानं त्यांच्या मागोमाग बोळातून जात विचारलं, "आणि मध्येच तुम्ही परत हाक मारली तर?"

"परत एकदा ठक् करते."

"तेवढंच?"

शिवलिंगप्पा थांबले. "दुसऱ्यांदा हाक मारली म्हणून सैपाक ओतून देईल व्हय ती?"

काव्या भिंतीला टेकली आणि हसू लागली. गेलं वर्षभर तिचं ॲप दर दुसऱ्या हाकेला स्वयंपाक ओतून देत होतं.

"आणि काकू," तिनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "गॅसच संपला, जेवण होणारच नसलं, तर किती वेळा वाजवता?"

"तवा वाजवायचं कशाला?" सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "बाहेर येऊन तोंडानं सांगते."

जेवणानंतर काव्यानं त्यांच्यापुढं मोबाइल धरून पुन्हा वाजवायला सांगितलं. पडवीतून टिपलेला आवाज बोळात भिजून आला होता. सिद्धेश्वरीबाईंनी तीनदा वाजवलं. चौथ्यांदा सांगितल्यावर म्हणाल्या, "पातेल्याला पोचा पडंल गं बाई. मोबाइलला काय जातंय." तिसरा चांगला होता. काव्यानं तोच ठेवला.

तीन दिवस वरच्या खोलीतला दिवा आणि पंखा बंद झाला नाही. बासरी गेली, थेंब गेले, फुलं गेली. आता बटण दाबलं की ते आत बसे आणि आतच राही. अंगठ्याला एक बारीक झटका लागे, अगदी एकच, आणि ठक् वाजे. मग कडेनं रेघ फिरू लागे. रेघ फिरत असताना कितीही दाबलं तरी ठक् एवढंच. मोटरनं खरंच वीज ओढली, किंवा बंद करताना ती खरंच थांबली, की मगच ठक्-ठक्. आणि वीज नसली तर कसलाही आवाज नाही. मोठ्या अक्षरांत एक वाक्य: वीज नाही, पंप सुरू झालेला नाही.

शुक्रवारी दुपारी जालिंदरच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. प्रदीप पांढरे बूट घालून आले होते. ओसरीपर्यंत येताना ते तांबडे झाले. ज्यांनी ॲप काढून टाकलं होतं त्यांतले पाच जण भिंतीला टेकून बसले होते. शिवलिंगप्पा सकाळी सोलापुरातून निघालेले. कोपऱ्यातल्या खुर्चीत हुंकार देत होते. मीनाबाई बागेत, पाइपापाशी, हातात दुसरा मोबाइल घेऊन उभी होती.

"दाबा," काव्या म्हणाली. तिनं स्वतःचे दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले होते.

जालिंदरनं दाबलं.

ठक्.

अंगठा उचलला गेला, आणि सवयीनं पुन्हा खाली यायला निघाला. पाच वेळा दाबायची आता त्याच्या हाताला चटक लागली होती. भिंतीजवळच्यांचे ओठ मोजणीसाठी हलले. काचेपासून केसभर अंतरावर अंगठा थांबला. जालिंदरनं तो वळवून, त्याच्या टोकाकडे निरखून पाहिलं.

"लागलं की बोटाला," तो म्हणाला. "ऐकलं म्हणतंय."

त्यानं अंगठा मुठीत घालून मूठ गुडघ्यावर ठेवली. रेघ फिरत राहिली. पंधरा सेकंद हा काळ एरवी कुणाच्या आयुष्यात जमेस धरला जात नाही. त्या खोलीत तो सगळ्यांच्या मानगुटीवर बसला होता.

"हा गॅप थोडा मोठा वाटतोय," प्रदीप कुजबुजले. "मध्ये काहीतरी म्युझिक..."

"श्श," जालिंदर म्हणाला.

ठक्-ठक्.

कोपऱ्यात शिवलिंगप्पा उठू लागले, आणि बाकी कुणी हलत नाही हे बघून पुन्हा टेकले. मग जालिंदरच्या खिशातला जुना फोन वाजला, आणि त्यातून सगळ्या खोलीला ऐकू येईल अशी मीनाबाईची आरोळी आली, "आलंऽ! पाणी आलंऽ! एकदाच दाबलं का वो?"

"एकदाच!" जालिंदर ओरडला. ही एवढी गोष्ट त्याला बायकोला पहिल्यांदाच खरी सांगता येत होती. मग काव्याकडे वळून तो म्हणाला, "ताई, हे ऱ्हाऊ द्या. आमी ठेवतो. ए, तुमीबी घाला रं परत. पाच नगं आता. एकदाच."

भिंतीजवळच्या पाचांनी मोबाइल काढले. अकरा दाबणारा जरा नाराज दिसला. प्रदीप काव्याला म्हणाले, "ओके. चालू ठेवू. तू इथूनच बघ सगळं." काव्याचे हात ओढणीतून बाहेर आले. विम्याचा हप्ता दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी गेला होता.

मग प्रदीपनी खुर्ची ओढली, शिवलिंगप्पांच्या पुढ्यात येऊन बसले आणि मोबाइल त्यांच्या तोंडापुढं धरला. "आजोबा, हे सगळं तुमचं डोकं आहे असं कळलं. मी रेकॉर्ड करतोय. आमची दीडशे माणसं हे ऐकतील. तुम्हाला सुचलं कसं?"

"हूं," शिवलिंगप्पा म्हणाले.

"म्हणजे यामागं तुमचा विचार काय होता?"

शिवलिंगप्पांनी घसा खाकरला. एक्केचाळीस वर्षांत त्यांना विचार विचारणारं कुणी आलं नव्हतं. सगळे भाव विचारत. ते डोळे मिटून जरा पुढं झुकले. काव्यानं जालिंदरला हळूच खुणावलं, की आता पंप बंद करून बघा, तेही तपासायचं आहे. जालिंदरनं अंगठा टेकवला. ठक् वाजलं. शिवलिंगप्पांनी डोळे उघडले. बोलण्यासाठी तोंडही उघडलं.

"बटण..." ते म्हणाले.

ठक्-ठक्.

त्यांचं तोंड मिटलं. दोन्ही हात गुडघ्यांवर आले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता, आणि घर तिथून ऐंशी किलोमीटरवर होतं. प्रदीपचा मोबाइल बाजूला सारून ते उठले, उंबऱ्यापाशी चपला पायांत सरकवल्या आणि उन्हात चालू लागले.